दोन सह्या

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची अवजारं धुऊन, पुसून, वाफेच्या मशीनमध्ये घालून निर्जंतुक करतात, त्या विभागात दोन जावा कामाला होत्या. थोरली विभागाची प्रमुख आणि धाकटी तिच्या हाताखाली. घरातही हाच क्रम असल्यामुळे कुणालाच काही नवीन शिकावं लागलं नाही. थोरली गमतीनं म्हणायची, "हिचं लग्न माझ्या दिराशी झालं खरं, पण संसार माझ्याशीच चाललाय."

धाकटीला ही नोकरी तिनंच लावून दिली होती. सहा वर्षांपूर्वी धाकटीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा थोरली मेट्रनकडे गेली आणि म्हणाली, "माझी जाऊ आहे, पण कामाला चोख आहे." त्या 'पण'वरून घरात वर्षभर हसणं चाललं. कात्री उघडी ठेवून कशी धुवायची, चिमट्याच्या दातांत ब्रश कसा फिरवायचा, ट्रे कसा गुंडाळायचा, सगळं थोरलीनं हाताला धरून शिकवलं. पट्टी कशी वाचायची तेही. प्रत्येक ट्रेमध्ये कागदाची एक पट्टी ठेवतात. वाफ पुरेशी लागली की ती काळीकुट्ट होते. काळी झाली तर ट्रे वर थिएटरमध्ये पाठवायचा, नाहीतर परत मशीनमध्ये. रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या लागत. एकीनं बघायचं आणि दुसरीनं तिच्यावर विश्वास न ठेवता पुन्हा बघायचं. "इथे जाऊबिऊ काही नाही," थोरली बजावायची, "इथे मी तुझी वैरीण."

त्या गुरुवारी सासूबाईंचे डोळे तपासायला न्यायचे होते. ते काम धाकटीच्या नवऱ्याचं होतं, पण त्याला एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं. म्हणून थोरली म्हणाली, "मी नेते आईंना. तीनपर्यंत येते परत. मेट्रनला कळवत नाही, उगाच अर्धी रजा जाईल."

सव्वादोनला मशीन थांबलं. धाकटीनं दार उघडलं, वाफ निवू दिली, पहिल्या ट्रेमधली पट्टी काढली. ती काळी नव्हती, तपकिरी होती. दुसऱ्या ट्रेमधली काढली. तीही तपकिरी. तेवढ्यात वरून फोन आला.

"गुडघ्याचा सेट कुठाय? पेशंट टेबलावर घेतलाय."

"पाच मिनिटं," धाकटी म्हणाली.

पुन्हा मशीन लावायचं म्हणजे पन्नास मिनिटं. ती पट्ट्या हातात धरून उभी राहिली. पट्ट्यांचं खोकं नवीन होतं, माल हलका असेल. मशीन तर नेहमीसारखंच वाजलं होतं. वर सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, प्रमुख कुठे आहेत. तिनं रजिस्टर ओढलं, रकान्यात बरोबरची खूण केली, आपली सही केली. मग खाली थोरलीची. ती सही तिला येत होती. पुतणीच्या शाळेच्या कागदांवर थोरलीच्याच सांगण्यावरून तिनं ती कितीदा तरी केली होती. मग ट्रे लिफ्टमध्ये ठेवून तिनं बटण दाबलं.

पुढच्या फेरीला पट्ट्या काळ्या निघाल्या.

साडेतीनला थोरली आली. ओढणी सारखी करत तिनं विचारलं, "काही विशेष?"

"काही नाही."

थोरलीनं रजिस्टर बघितलं आणि हसली. "माझ्यापेक्षा माझी सही तुलाच झकास येते गं."

बारा दिवसांनी बातमी तळघरापर्यंत आली. त्या गुरुवारी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस परत दाखल झाला होता. जखमेत पू झाला होता. फरश्या बसवायचं काम करणारा, पंचेचाळिशीचा माणूस. गुडघा दोनदा उघडून धुतला, नंतर तिसऱ्यांदा. इन्फेक्शनचं बघणारी सिस्टर यादी घेऊन खाली आली, रजिस्टर तपासलं, तारखेवर बोट ठेवलं. खूण होती, दोन सह्या होत्या. "तुमच्याकडचं स्वच्छ आहे," ती म्हणाली. "घरी पाणी लागू दिलं असणार. किती सांगा, ऐकतात कुठे हे लोक."

धाकटी तिथेच उभी राहून चिमटे पुसत होती. असं काही झालं तर आपल्या पायाखालची जमीन सरकेल असं तिला नेहमी वाटायचं. पण जमीन जागच्या जागी होती. तिनं चिमटा पुसला, दुसरा घेतला. संध्याकाळी घरी गेली, जेवण केलं. घरच्या प्रार्थनेत त्या दिवशी तिचा नंबर होता. आजाऱ्यांना बरं कर, प्रवासात असलेल्यांना सांभाळ, आमच्या चुकांची क्षमा कर, असं सगळं तोंडातून ओळीनं बाहेर पडलं. सासूबाई खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाल्या. धाकटीला वाटलं, हे कुणीतरी शेजारच्या खोलीत बोललं.

असे दिवस गेले. पाणी गरम आहे हे हात लाल झाल्यावर कळायचं. नवरा काही विचारायचा आणि तिचं उत्तर देऊन झालेलं असायचं. रविवारी चर्चमध्ये उपासनेत प्रभुभोजनाची थाळी रांगेतून फिरत आली. भाकरीचे चौकोनी तुकडे, मनात काही न लपवता घ्यायचे. तिनं थाळी घेतली आणि तशीच पुढे सासूबाईंच्या हातात दिली. घ्यायचं नाही असं तिनं ठरवलेलं नव्हतं. हातांनीच ते केलं.

"बरं नाही का?" सासूबाई कुजबुजल्या.

"पोट बिघडलंय."

सासूबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मोतीबिंदू असला तरी त्यांना दिसायचं ते दिसत असे.

त्या आठवड्यात ती वापरलेले ट्रे गोळा करायला तिसऱ्या मजल्यावर गेली. लिफ्टपाशी एक बाई डबा घेऊन उभी होती. लिफ्ट वर अडकली होती. बाई आपणहून बोलायला लागली. काही माणसं दवाखान्यात कुणाशीही बोलतात, तशी.

"गुडघा आहे आमच्या ह्यांचा. सतरा नंबरला. डॉक्टर म्हणतात पाणी लागलं. मीच आंघोळ घातली होती हो. प्लास्टिक गुंडाळलं होतं, चिकटपट्टी लावली होती, तरी लागलंच असेल. सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी. म्हणतात, तुझ्या हातानं गेला माझ्या मुलाचा पाय."

"पाणी लागलेलं तुम्ही बघितलंत?"

"नाही ना. तेच तर. बघितलंच नाही मी." बाईनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "आम्ही इथे खाली बेकरीच्या वरतीच राहतो. धावत आणलं असतं त्यांना. कळलंच नाही."

लिफ्ट आली. धाकटी ट्रे घेऊन आत शिरली आणि तळघराचं बटण दाबलं.

बुधवारी चर्चचे पाळक सासूबाईंना भेटायला आले. म्हातारे गृहस्थ, पूर्वी वीजमंडळात नोकरी केलेले, बोलण्यात आडपडदा नसलेले. त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला धाकटी निघाली.

"पाळकसाहेब, एक विचारू? समजा एखादीनं चूक केली. कबूल केली तर तिचं व्हायचं ते होईल, पण तिच्यासोबत दुसरीही बुडेल. दुसरीनं तर तिच्यावर उपकारच केलेत."

पाळक कोपऱ्यावरून वळले. "आणि कबूल नाही केली तर कोण बुडतंय?"

"तिसरीच एक. तिला काही माहीत नाही. ती स्वतःलाच दोष देत बसलीय."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "खरं बोला, देव सांभाळेल, असं मी म्हणेन. मला म्हणायला काय जातंय, माझी नोकरी थोडीच जाणार आहे? देव सांभाळतो. पण नोकरी दरवेळी सांभाळतोच, असं मी बघितलेलं नाही."

"मग काय करायचं?"

"जिला बुडवणार आहात तिला आधी सांगा. कुणाच्या पाठीमागे बोललेलं खरं मला कधी फारसं रुचलेलं नाही. आणि मला नावं सांगू नका. मला दर रविवारी सगळ्यांशी हात मिळवायचा असतो."

धाकटी म्हणाली, "मला काहीच वाटत नाहीये. दुःख नाही, भीती नाही. पश्चात्ताप म्हणतात तो तर नाहीच. त्याशिवाय कबुली दिली तर ती चालते का?"

"वाटण्याची वाट बघत बसलात तर फार उशीर होईल," पाळक म्हणाले. बस आली होती. दांडा धरून ते चढले, आणि वळून काहीतरी म्हणाले, पण ते तिला ऐकू आलं नाही.

त्या रात्री तिनं एकेक गोष्ट मनात मांडून बघितली. नवऱ्याला ती नोकरी मिळालेली नव्हती, म्हणजे तिचीही गेली तर घरात काहीच येणार नाही. थोरलीची निवृत्ती बारा वर्षांवर होती. दोन भाऊ एकाच इमारतीत वरखाली राहत होते, जिना एकच होता. या सगळ्यासमोर काय, तर एका अनोळखी बाईवरचा आळ. शिवाय त्या पट्टीमुळेच पू झाला हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. पारडं सरळ सरळ एका बाजूला झुकत होतं. ते झुकलेलं तिला दिसत होतं, आणि तरीही आपण काय करणार हेही दिसत होतं.

शनिवारी दुपारी ती वरच्या मजल्यावर गेली. थोरली मटार सोलत होती. धाकटीही समोर बसून सोलायला लागली. अर्धी परात झाल्यावर तिनं सांगितलं.

थोरलीचे हात थांबले नाहीत. "तपकिरी म्हणजे किती तपकिरी?"

धाकटीनं परातीशेजारी पडलेल्या सुरीची लाकडी मूठ दाखवली. "एवढी."

"मग ती फेलच होती."

"हो."

"दोन्ही ट्रे?"

"दोन्ही."

आता थोरली थांबली. "मी साडेतीनला आले होते. तुला विचारलं होतं, काही विशेष का. तेव्हा सांगितलं असतंस तर मी धावत वर गेले असते. त्या माणसाला त्याच दिवशी औषध चालू केलं असतं. मला का नाही सांगितलंस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही काय? सहा वर्षं घसा फोडून शिकवलं तुला!" थोरलीनं एक शेंग उगाचच दोन बोटांत चिरडली. मग आवाज खाली आणला. "आता काय करणारेस?"

"सोमवारी मेट्रनला सांगणार. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आले."

"मोठे उपकार." थोरली उठली, दार लोटून आली. "ऐक माझं. मीही येते. दोघींनी मिळून सांगू, की दोघींनी पट्टी बघितली, दोघींना काळी वाटली. चूक होते माणसाच्या हातून. चुकीला मेमो मिळतो. खोट्या सहीला घरी बसवतात, तुलाही आणि मलाही."

धाकटीला हे सुचलंच नव्हतं. त्यात सगळंच भागत होतं. त्या बाईवरचा आळही गेला असता, नोकऱ्याही राहिल्या असत्या. तिनं परातीतले दाणे हातानं सारखे केले.

"पण काळी वाटली नव्हती, ताई."

"मला कळतंय ते!"

"आणि तुम्ही तिथे नव्हता."

"तुझ्या नवऱ्याचं काम करायला गेले होते मी!" थोरलीचा आवाज फाटला. "देवाला सांग ना. तो माफ करतो म्हणून दर रविवारी गातो ना आपण सगळे? मग मध्ये मेट्रन कुठून आली?"

"देवाला सांगितलंय. पण त्या बाईला जाऊन तो सांगणार नाहीये."

थोरलीनं तिच्यापुढची शेंगांची पाटी ओढून घेतली. "निघ. आणि जिन्यात भेटलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

नवऱ्यानं ऐकलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादाला मी कुठल्या तोंडानं भेटू?" मग म्हणाला, "मी मुलाखतीला गेलो नसतो तर." 

सोमवारी नऊ वाजता धाकटीनं मेट्रनला सगळं सांगितलं. मेट्रननं लिहून घेतलं आणि तीनदा विचारलं, तुम्हाला कुणी भाग पाडलं का. धाकटी तीनदा नाही म्हणाली. दुपारी मशीन बंद करून माणसं बोलावली. एक झडप गळत होती, उष्णता टिकत नव्हती, कधी पट्टी काळी यायची तर कधी नाही. त्या गुरुवारच्या आसपासच्या चार दिवसांत ऑपरेशन झालेल्या आणखी नऊ पेशंटना तपासायला बोलावलं. आठ ठणठणीत निघाले. नववीच्या जखमेत नुकताच पू धरू लागला होता, तिला वेळेत औषध मिळालं. कुणीतरी धाकटीला हे मुद्दाम येऊन सांगितलं. चांगली बातमी म्हणून. धाकटीनं मान हलवली. त्याच गुरुवारी तोंड उघडलं असतं तर झडप त्याच गुरुवारी सापडली असती, एवढंच तिच्या मनात आलं.

आठवड्याच्या आत तिची नोकरी गेली. थोरलीचं प्रमुखपद काढलं आणि तिला चादरी-अभ्र्यांच्या कोठीत पाठवलं. चौकशी पुरी होईपर्यंत पेशंटच्या घरच्यांशी बोलायचं नाही, असं दोघींना बजावलं होतं. धाकटी दुसऱ्या दिवशी बेकरीच्या वरचा जिना चढली.

दार त्या बाईनंच उघडलं. ओळख पटायला क्षणभर लागला. "लिफ्टपाशी भेटलो होतो ना आपण?"

धाकटीनं उंबऱ्यावर उभ्या उभ्याच सांगितलं. कुठे काम करत होती, पट्टी म्हणजे काय, त्या दिवशी ती कशी निघाली, आणि आपण काय केलं. मग म्हणाली, "त्यामुळेच झालं असं मी नक्की सांगू शकत नाही. कदाचित झालं असेल."

बाईनं चौकट धरली. "म्हणजे पाणी नव्हतं?"

"कदाचित नव्हतं."

"कदाचित चालेल मला," बाई म्हणाली. "इतके दिवस तर नक्कीच होतं." तिनं धाकटीचं मनगट पकडलं. "आत या. सासूबाईंसमोर सांगा. मोठ्यानं सांगा, त्यांना कमी ऐकू येतं."

आतल्या खोलीत फरशीवाला पलंगावर होता, पाय उशीवर ठेवलेला. शेजारी खुर्चीत त्याची आई. धाकटीनं सगळं पुन्हा सांगितलं. म्हातारीनं कानामागे हात धरला. "काय म्हणते ही?" मग धाकटीला ओरडून सांगावं लागलं. अवजारं नीट शुद्ध झाली नव्हती! मला माहीत होतं! तरी मी पाठवली! सुनेची चूक नाही! खालच्या बेकरीतही ऐकू गेलं असेल. ओरडताना तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, थोडा चिरका. कितीतरी दिवसांनी तो तिला तिच्याच गळ्यातून आल्यासारखा वाटला.

म्हातारीनं कानामागचा हात खाली घेतला. सुनेकडे बघितलं, मग खिडकीकडे.

फरशीवाला म्हणाला, "गुडघा वाकत नाही माझा." रागानं नाही, सांगायचं म्हणून. "फरशी बसवायला तो वाकावा लागतो."

"हो."

"माफी मागायला आलात?"

"मागते. पण द्यायलाच हवी असं नाही."

"मग नाही देत," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाई तिला जिन्यापर्यंत सोडायला आली. "तुमची नोकरी?"

"गेली."

"बरं झालं," बाई पटकन बोलून गेली, आणि ओशाळली. "म्हणजे, तसं नाही."

"तसंच म्हणा," धाकटी म्हणाली.

पुढचे दोन महिने थोरली तिच्याशी बोलली नाही. जिन्यात एकीची चाहूल लागली की दुसरी दार लावून घ्यायची. सासूबाई सकाळी वर जेवत आणि संध्याकाळी खाली. "माझ्या डोळ्यांपायी झालं सगळं," असं त्या दोन्ही मजल्यांवर म्हणत. धाकटीला एका शाळेत वर्ग झाडायचं काम मिळालं. नवऱ्याला अजून काही मिळालं नव्हतं. प्रार्थनेत तिची पाळी आली की ती थोडक्यात आटपायची. जे म्हणवत नव्हतं ते म्हणणं तिनं सोडून दिलं होतं.

मग चौकशीच्या शेवटच्या बैठकीचं पत्र आलं. फरशीवाल्याच्या घरच्यांना हॉस्पिटलकडून लेखी कबुली द्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. दोघींनाही साक्षीला बोलावलं होतं.

धाकटी पोचली तेव्हा ऑफिसबाहेरच्या बाकावर थोरली आधीच बसलेली होती. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली.  मग थोरलीनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बस. उभं राहून काय मिळणारे?"

धाकटी बसली.

"मी तिथे नव्हते, असं सांगणार आहे मी," थोरली समोर बघत म्हणाली. "विचारायच्या आधीच सांगणार."

"बरं."

"तुला मी माफ केलेलं नाही अजून."

"हो."

"प्रयत्न चाललाय. रोज सकाळी करते. दुपारपर्यंत टिकत नाही."

 धाकटीनं विचारलं, "आत्ता किती वाजले?"

थोरलीनं घड्याळ बघितलं. "साडेअकरा."

मग आतून बोलावणं आलं, आणि दोघी उठल्या.